पिठावरलं पाऊल

पल्हादा, तुझं काही पाहायला एवढी गर्दी तुझ्या हयातीत कधी झाली नव्हती, जेवढी परवा सकाळी तुझ्या घरी झाली. मंगळवारी दुपारी तू गेलास, संध्याकाळी तुला पोहोचवून आलो. मधल्या खोलीत जिथं तुझा जीव गेला तिथं कौसाआत्यानं, तुझ्या बापाच्या बहिणीनं, फरशी पुसून घेतली, ज्वारीचं पीठ चाळून परातीएवढं पसरलं, शेजारी दिवा लावला आणि वर टोपलं झाकलं. सकाळी टोपलं उचलायचं आणि पिठावर काय उमटलं ते पाहायचं. पक्ष्याचा पाय दिसला तर माणूस पक्ष्याच्या जन्माला गेला, खूर दिसला तर गुराच्या. आपल्याकडे असंच करतात, तुला काय सांगायचं. ह्या पिठाचा तुझ्याइतका विचार गावात दुसऱ्या कोणी केला नसेल.

टोपलं उचललं. दार अडवून उभे असलेले लोक एकमेकांच्या खांद्यावरून वाकले. पिठावर एका बाजूला बोटभर वाकडी रेघ होती आणि तिच्याजवळ दोन ठिपके. बस, एवढंच. मुंगळा गेला असेल, नाहीतर टोपल्याची काडी घासली असेल. पण लोक ते लोक! आत्या म्हणाली, "चिमणीचं पाऊल आहे." शेजारचा म्हणाला, "चिमणी कायची, त्रिशूळ आहे हा, सरळ दिसून राह्यला." मागून एकजण तडकला, "तुमालेच काऊन दिसते हो सगळीकडे त्रिशूळ? पल्हाद मास्तर का तुमच्या एकट्याचे होते?" झालं. तुझ्या बायकोच्या डोळ्यांदेखत दोन ठिपक्यांवरून आवाज चढले. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला तुझं हसू ऐकू आलं, खरंच सांगतो. "पाह्य बे गजू, म्या काहीच काढलं नाही तरी यायनं भांडण काढलंच."

हसू आलं आणि मग रडू आलं. सगळ्यांना वाटलं, गजूला आता कुठं कळलं आपला दोस्त गेला म्हणून.

आपलं भांडण मिटायचं राहिलं रे. शाळेत एकाच बाकावर बसून चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आपण, एकाच बाटलीतल्या पाण्यात ब्रश धुतले. तू शहरात कॉलेजला गेलास. मी इथंच दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरचे नंबर आणि निवडणुकीच्या भिंती रंगवत राहिलो. पुढं तू चित्रकलेचा मास्तर होऊन परत आलास तेव्हा मला वाटलं, आता दोघं मिळून काहीतरी भारी करू. आणि त्याच वर्षी मी फ्लेक्सची मशीन घेतली. तू दुकानात आलास, मशीनकडे पाहिलंही नाहीस. विचारलंस, "ब्रश काय केले बे?" पोत्यात भरून ठेवले म्हटलं. तू ते पोतं सायकलला बांधून घरी नेलंस.

मग सुरूच झालं. एका जयंतीचे मी तीन बॅनर छापायचो. माळीपुऱ्याचं मंडळ वेगळं, देशमुखपुऱ्याचं वेगळं, बौद्धवाड्याचं वेगळं, मोमीनपुऱ्याचे सणाचे बॅनर वेगळे. फोटो वेगळे, किनारीचा रंग वेगळा. दोघांचे बॅनर एका खांबावर आले तर लफडं व्हायचं, म्हणून शेवटी खांबही मीच वाटून दिले होते. तू एकदा शाळेतून येताना ते खांब मोजत आलास आणि दारातच उभा राहून म्हणालास, "लेका, तू गावाले फाडून फाडून मीटरनं विकून राह्यला."

मला राग आला. येणारच ना! म्हटलं, "फाटलेलंच होतं. मी फक्त छापतो. अन् तू काय शिवून राह्यला? तुया चित्रापुढं कोण थांबते ते सांग. शहरातले चार दाढीवाले वाहवा करतात अन् तू खुश." तू मी मागवलेला चहा तसाच ठेवून निघून गेलास. पंधरा दिवस बोलला नाहीस. सोळाव्या दिवशी आलास ते थेट म्हणालास, "बरोबर बोलला तू. थांबलं पाह्यजे लोकाईनं."

म्हणून तू एसटी स्टँडची भिंत मागून घेतलीस. आपल्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात गोड पाण्याची एक विहीर, आणि तिच्यावर सगळं गाव पाणी भरतंय, असं चित्र. किती सुंदर होती रे ती विहीर! मी तुला रंग कालवून दिले. दीड महिना लागला. लोक थांबले, अगदी तुला पाहिजे तसे थांबले. आणि थांबून काय पाहिलं? ही बाई मागं काऊन उभी केली. तिच्या लुगड्याचा रंग हाच काऊन. टोपीवाला पुढं काऊन. दोर कोणाच्या हातात आहे. विहिरीच्या पहिल्या पायरीवर कोण आहे. चौथ्या दिवशी तीन तक्रारअर्ज पडले. पाचव्या दिवशी तू स्वतःच चुन्याची बादली घेऊन गेलास. मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाले सांग." तर म्हणालास, "माह्या हातानं काढलं, माह्याच हातानं झाकू दे." मी शिडी धरली होती. तुझ्या मनगटावरून चुना ओघळत होता.

त्यानंतर तू बदललास. म्हणायचास, "चेहरा काढला का जात पाह्यतात, कपडा काढला का पार्टी पाह्यतात. आता मी काही काढतच नाही. लोकाईलेच काढू देतो." मला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं.

आणि मग ते पीठ. तीन वर्षं झाली त्याला. तू गावातल्या प्रत्येक घरी फिरलास, हातात डबा घेऊन, "मायबाई, एक मूठ पीठ द्या." कुठं ज्वारीचं, कुठं गव्हाचं, कुठं बाजरीचं. लोकांना वाटलं कुठंतरी भंडारा आहे. सगळं तू एका ड्रममध्ये कालवलंस. मला म्हणालास, "मेलेला माणूस पिठावर पाय ठेवून सांगते का मी कुठी चाललो. जित्यानं काऊन नाही सांगायचं? बाजाराच्या दिवशी पारापुढं पसरतो. ज्याले वाटलं त्यानं चालावं. संध्याकाळी सगळ्या गावाचे पाय एका पिठावर. त्यात कोणाचा पाय कोणता, हे काढून दाखवो कोणी." तू इतका आनंदात होतास की मला काही बोलवेना. अरे, आपण इथं जन्मलो, इथं वाढलो. भुईवर पसरलेलं पीठ पाहिलं की आपल्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट येते, हे तुला सांगायला पाहिजे होतं मी. नाही सांगितलं.

आदल्या दिवशी बातमी फुटली की सगळ्यांचं पीठ एकत्र कालवलंय. दुपारी वरल्या पुऱ्यातला एक माणूस तुझ्या दारात येऊन उभा. "मास्तर, आमची मूठ वापस द्या." तू म्हणालास, "भाऊ, कालवलेल्या पिठातून कशी काढून देऊ?" तर तो म्हणाला, "ते तुमचं तुमी पाह्या. आमच्या पिठावर त्याईचे पाय नाही पाह्यजे." दुसऱ्यानं सांगितलं, अन्नावर पाय देणं पाप आहे. तिसरा म्हणाला, आमचं पीठ खालचं समजता का, म्हणून पायाखाली टाकता? त्याचं सगळ्यात बरोबर होतं, आणि त्यालाच तू समजावू शकला नाहीस. पहिल्या माणसाचं सांगताना तू हसत होतास. तिसऱ्याचं सांगताना नाही.

तरी तू पसरलंस. सकाळी सकाळी बारा बाय बाराचा चौकोन, चाळणीनं, कडा सुताच्या दोरीनं आखून. माझं दुकान समोरच, सगळं दिसत होतं. भाजीवाली सखूमाय तिच्या पालातून ओरडली, "कोण मेलं बे पोट्टेहो?" बाजार हसला. तू म्हणालास, "कोणी नाही माय, सारे जिते आहेत. ये, चाल यावरून." ती आपली वांगी रचायला लागली.

दिवसभर लोक त्या चौकोनाला वळसा घालून गेले. बैलगाडीवाल्यानं गाडी उलटी फिरवली. बायकांनी पोरांचे दंड धरून ओढले. आणि तू पाराजवळ उकिडवा बसून. चार वेळा बोलावलंस मला, चार वेळा. "गजू, चल बे. एक माणूस गेला का बाकीचे येतात. एकाची वाट पाहून राह्यले सारे." माझ्या दुकानात तेव्हा मंडळाची माणसं बसली होती, बॅनरचं डिझाइन पाहत. त्यांच्यातला एक म्हणाला, "जाता का गजूभाऊ? जा न, आमी पाह्यतो." काय नजर होती ती! मी तुला म्हटलं, "आलोच. एवढं काम हातावेगळं करतो." चौथ्या वेळी तू दारापर्यंत आला नाहीस. रस्त्यापलीकडूनच हात वर केलास. मी मशीनकडे तोंड केलं. ऊन कलायच्या आधीच शटर ओढलं आणि मागच्या बोळानं घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो तर तू समोर. डोळे लाल. म्हणालास, "चल, दाखवतो." चौकोनावर कुत्र्यांचे, कोंबड्यांचे, बकरीचे पाय. आणि कडेपासून हातभर आत माणसाचं एक पाऊल, उजवं, पाची बोटं स्वच्छ. तू ते दाखवलंस आणि माझ्याकडे पाहून विचारलंस, "तुयं आहे का बे?"

पल्हादा, मी म्हटलं, "हाव."

म्हटलं, "बाजार उठता उठता टाकलं. तू चहा प्यायले गेला होता." किती सहज बोललो रे मी! मला तर वाटलं जीभच आपली नाही. तू माझ्याकडे पाहत राहिलास. मग मला मिठी मारलीस, चांगली घट्ट. मोबाईलमध्ये फोटो काढलास, खामगावहून तो मोठा करून आणलास, काचेत घातलास आणि बैठकीत लावलास. जो येईल त्याला सांगायचास, "हे आमच्या गजूचं पाऊल आहे. पूर्ण गावात एक माणूस निघाला." तुझ्या घरी येणं मला नकोसं झालं होतं त्या फोटोपायी. आलो तर पाठ करून बसायचो.

आणि त्याहून घाण गोष्ट सांगतो. पुढं आपलं वाजलं की मी तेच पाऊल तुझ्या अंगावर फेकायचो. गेल्या वर्षी तू म्हणालास ना, की माझ्यासारख्या माणसांनीच गावात काही होऊ दिलं नाही? तेव्हा मी काय म्हटलं? "तुया पिठावर कोण आलं होतं? कोण आलं होतं, बोल!" तू एकदम गप्प झालास. मला वाटलं, जिंकलो. वर मुद्दाम विचारलं, "मंग, कोण?" तू हळू आवाजात म्हणालास, "तूच आला होता." आता आठवलं की तोंडात मारून घ्यावं वाटतं.

त्या पिठानंतर तू मोठं काही केलं नाहीस. शाळेतल्या पोरांना माती द्यायचास, पानांचे ठसे करायला शिकवायचास. मागच्या आठवड्यात दुकानात येऊन म्हणालास, "एक कोरा फ्लेक्स दे. काही छापू नको त्यावर." मी हसलो. म्हटलं, कोरा कोण लावते? दहा फूट कापून ठेवलाय. तो कशाला पाहिजे होता, ते विचारायचंच राहिलं.

परवा टोपल्याची गर्दी पांगल्यावर सुनंदावहिनींनी मला बैठकीत बोलावलं. त्यांनी तो फोटो भिंतीवरून उतरवला होता. पदरानं काच पुसली आणि माझ्यापुढं धरला. "गजूभाऊ, हा तुमी न्या. तुमचंच पाऊल आहे. इथं राह्यलं तं मले पाह्यवत नाही."

हात पुढं होईना माझा. तीन वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते तुझी चटई अजून कोपऱ्यात गुंडाळलेली असताना निघालं. म्हटलं, "वहिनी, ते माझं नाही. मी गेलोच नव्हतो. मी खोटं बोललो."

वहिनी म्हणाल्या, "मले मालूम आहे."

"त्याले सांगू नाही शकलो," म्हटलं.

"त्याईले बी मालूम होतं." त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. "त्याईचंच पाऊल आहे ते. त्या दिवशी दिवेलागणीले घरी आले तं उजवा पाय पांढरा. म्या मोरीत पाणी घातलं पायावर. म्हणे, सुनंदा, कोणीच नाही आलं. निदान एक तं असावं, म्हणून म्याच टाकलं. लहान लेकरावानी रडले. अन् दुसऱ्या दिवशी आले ते हासतच. म्हणे, गजू म्हणते ते पाऊल त्याचं आहे."

मी म्हटलं, "मंग मले थापडावलं काऊन नाही त्यानं?"

"म्या बी तेच म्हटलं. इतका खोटारडा दोस्त कायले पाह्यजे? तं म्हणे, नाही. त्याले वाटलं तरी न, का आपण जायाले पाह्यजे होतं. दुसऱ्या कोणाले तेवढंही नाही वाटलं. म्हणे, माह्या कामानं एवढं तरी केलं. आता ते पाऊल त्याचंच राहू दे."

म्हणजे तू मला विचारलंस तेव्हाच तुला माहीत होतं. तुझंच पाऊल दाखवून मला विचारलंस. आणि मी हाव म्हटलं तरी मिठी मारलीस. तीन वर्षं दारात येणाऱ्या प्रत्येक माणसाला माझं नाव सांगत राहिलास, आणि मी ते तुझ्याच अंगावर फेकलं तरी "तूच आला होता" म्हणालास. कसा माणूस होतास रे तू! मी तुझ्या जागी असतो तर गावभर केलं असतं.

निघताना वहिनींनी ते टोपल्याखालचं पीठ तुझ्या रंगाच्या फडक्यात बांधून दिलं. "वान नदीत सोडून या. आत्या कोणाच्या तरी हाती देणार होती. म्या म्हटलं, गजूभाऊच नेतील."

बुधवार होता, बाजाराचा दिवस. नदीची वाट बाजारातूनच जाते. दुकानापुढं दोन मंडळांची पोरं उभी होती, तुझ्या श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी. एकांना भगवी किनार पाहिजे, दुसऱ्यांना निळी. दोघंही तुला आपलं म्हणतात. "गजूभाऊ, आमचं पह्यले," एकानं सांगितलं. पारापुढं गेलो, त्या जागेवर फडकं सोडलं, पीठ हातानं पसरलं. थोडंच होतं, हातभरही झालं नाही. चप्पल काढली. आत्यानं पाहिलं असतं तर कानाखाली दिली असती, मेलेल्याच्या पिठावर पाय देतो म्हणून. दोन्ही मंडळांची पोरं पाहत होती, सगळा बाजार पाहत होता. लाज वाटत होती, आणि एवढ्या साध्या गोष्टीची लाज वाटते याची आणखी लाज. टाकलं पाऊल. पीठ थंड होतं.

"कोण मेलं रे?" सखूमायनं पालातून विचारलं. आता तिला धड दिसत नाही.

"पल्हाद मास्तर गेला न माय. काल."

ती भाजी तशीच टाकून उठली, काठी टेकत आली आणि माझ्याजवळ येऊन खाली पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "त्या खेपी मी येणार होती बाप्पा. चप्पल बी काढून ठेवली होती. ती संत्रेवाली होती, तो बांगडीवाला होता, आमी म्हटलं होतं, पह्यले कोणी जाऊ दे, मंग आपण जाऊ. तुयाकडेच पाहून राह्यलो होतो, का हा मास्तरचा दोस्त, हा तं जाईनच."

"मंग?" मी विचारलं.

"मंग तू भर बाजारात शटर लावलं. आमाले वाटलं, आता काही लफडं होते. उठलो बाप्पा सारे."

माझा पाय अजून पिठातच होता.